आठ सुईबहिणी

मित्रांनो, माझं टोक आता बोथट झालं आहे आणि अंगावर गंजाचे ठिपके उठले आहेत. मी शेणव्याच्या गुणाबाईची गोंदणाची सुई. चाळीसहून जास्त वर्षं मी तिच्या कमरेच्या चंचीत, पानाच्या आणि चुन्याच्या वासात राहिले. आता मात्र शहापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या एका पांढऱ्या डब्यात आहे. या डब्याचं झाकण एकदा लागलं की पुन्हा उघडत नाही. उद्या-परवा गाडी येईल आणि आम्हा सगळ्यांना घेऊन जाईल. त्याआधी मला माझी गोष्ट सांगायची आहे.

खरं तर मी एक नाही, तीन आहे. गुणाबाईची सासू धोंडीबाई हिने शहापूरच्या बाजारात कापड शिवायच्या तीन सुया घेतल्या. त्या एकमेकींना चिकटवून सुताने घट्ट बांधल्या, वरून लाख चढवली, आणि आम्हा तिघींची एक झाली. कापड शिवायला निघालेल्या आम्ही माणसाच्या कातडीवर तुळस काढायला लागलो. धोंडीबाईची नजर गेली तेव्हा तिने मला तपकिरीच्या पत्र्याच्या डबीत घालून सुनेच्या हातात दिलं. "ही घरातली लक्ष्मी हाय. सांभाळ," एवढंच म्हणाली.

गुणाबाईने मला सांभाळलं. तिच्यासारखी जपणारी बाई मी पाहिली नाही. दिव्याची काजळी धरायची, माक्याच्या रसात खलायची, नारळाच्या करवंटीत काढायची. मग समोरच्या बाईचा हात आपल्या मांडीवर घ्यायचा आणि तिच्या माहेरची चौकशी सुरू करायची. तुझ्या बापाचं शेत कुठे, विहिरीला पाणी किती, भावजय कशी आहे. बाई माहेरच्या आठवणीत रमली की मी कामाला लागायचे. मनगटावर चौक, दंडावर तुळस, कपाळावर एकच टिंब. "गुणाबाईचा हात हलका," असं तानशापासून किन्हवलीपर्यंतच्या बायका म्हणायच्या. पौषात ती म्हशाच्या जत्रेला जायची, तेव्हा मुरबाडकडच्या बायकाही मला ओळखायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा.

तिची एक सवय होती. दुसरीला टोचण्याआधी ती मला आपल्या डाव्या अंगठ्यावर एकदा टोचून बघायची. "आधी मला दुखू दे, मंग तुला कमी दुखंल," असं म्हणायची. रक्ताचा बारीकसा थेंब यायचा. तो ती लुगड्याला पुसायची आणि मला हळदीच्या फडक्याने. दोन बायकांच्या मध्येही तेच हळदीचं फडकं. हळदीने सगळं शुद्ध होतं असं तिला तिच्या सासूने सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूने. उकळत्या पाण्यात माझी लाख सुटेल म्हणून तिने मला कधी चुलीजवळ नेलं नाही. ती मला जपायची, मित्रांनो. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्या जपण्यातूनच झालं.

गुणाबाईच्या पाड्यात एक रीत होती. एका बैठकीत, एका करवंटीतल्या काजळीने ज्यांचं गोंदण व्हायचं, त्या बायका एकमेकींच्या सुईबहिणी व्हायच्या. सख्ख्या बहिणीपेक्षा हे नातं जड. सुईबहिणीच्या शेतावर भाताच्या आवणीला बोलावणं करावं लागत नसे. तिच्या बाळंतपणाला, तिच्या घरच्या मयताला, सगळ्यांत आधी सुईबहीण पोचायची. म्हणून करवंटीतली काजळी बैठक संपेपर्यंत बदलायची नाही आणि सुईही बदलायची नाही, असा नियम होता.

बावीस वर्षांपूर्वी, भाताची झोडणी संपल्यावर, गुणाबाईच्या अंगणात अशीच एक बैठक झाली. तिचा मुलगा महिपत याची नवीन बायको चंदा मुरबाडच्या बाजूने आली होती. शेणव्यात तिचं ओळखीचं कोणी नव्हतं. तिला बहिणी मिळाव्यात म्हणून गुणाबाईने सात बायकांना बोलावलं. पहिली बसली भिमा. तिसरी बसली लहानी, जिचं तोंड कधी बंद नसायचं. आणि शेवटी, आठवी, चंदा.

माझं टोक हाताला लागलं तशी चंदा रडायलाच लागली.

"रडू नको गो नवरी," लहानी म्हणाली. "सासूची सुई आजच्या दिवस टोचल. तिची जीभ मंग रोज टोचल. आतापासून सवय कर."

"लहाने, तुझ्या हनवटीवर इंचू काढू काय?" गुणाबाई वर न बघता म्हणाली. सगळं अंगण हसलं आणि रडता रडता चंदाही हसली. तेवढ्यात तिच्या मनगटावरची तुळस झाली.

तो दिवस मी पुष्कळदा आठवते. ऊन किती छान होतं. अंगण सारवलेलं होतं. आठ हात ओले, काळे, सुजलेले. त्या दिवशी मी गुणाबाईच्या अंगठ्यातून भिमाच्या हातात, भिमाच्या हातातून पुढच्या, अशी आठव्या हातापर्यंत गेले, आणि दर वेळी त्याच करवंटीत बुडून आले. मला तेव्हा फक्त काजळी दिसत होती.

त्या बहिणी खरंच बहिणी झाल्या. चंदाची मुलगी नम्रता जन्मली तेव्हा बैलगाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन भिमा बसली होती. चार वर्षांपूर्वी भिमा गेली. आधी नुसती थकायची. मग डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोटात पाणी झालं. कोणी काविळीचा पाला दिला, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. सातही सुईबहिणी शेवटपर्यंत तिच्या उशाशी होत्या. का गेली, ते कोणालाच कळलं नाही.

मग गेल्या गणपतीत गावच्या मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं. बायकांतून पहिली उठली चंदा. धडधाकट बाई, भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून पळत जाणारी. रक्त देऊन आली, केळं खाल्लं, आणि संध्याकाळी शेतावर गेली. पंधरा दिवसांनी तिला फोन आला. "रक्ताच्या तपासणीबद्दल बोलायचं आहे. शहापूरच्या सरकारी दवाखान्यात येऊन जा."

महिपत कामावर गेलेला, म्हणून सासू-सून दोघीच निघाल्या. मी नेहमीप्रमाणे चंचीत होते, म्हणून मी सगळं ऐकलं.

तिथे रुपाली नावाची मुलगी होती. रक्त तपासायच्या खोलीत काम करणारी, शांत बोलणारी. तिने दोघींना बसवलं, दार लोटलं आणि सांगितलं की चंदाच्या रक्तात हिपॅटायटिस सी या आजाराची खूण सापडली आहे. हा लिव्हरचा आजार आहे.

"मला तं काय झालेलं नाय," चंदा म्हणाली. "पोट दुखत नाय, ताप नाय."

"बहुतेकांना काहीच जाणवत नाही ताई. दहा वर्षं, वीस वर्षं. कोणाला नुसता थकवा येतो, भूक कमी होते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, पाय सुजतात, पोटात पाणी होतं, ते फार पुढे. तोवर लिव्हर खराब झालेलं असतं. तुमचं लवकर कळलं हे चांगलं झालं."

पोटात पाणी होतं हे गुणाबाईने ऐकलं. तिला भिमा आठवली होती. मलाही.

रुपाली सावकाश सांगत गेली. पहिल्या तपासणीत एवढंच कळतं की हा विषाणू कधीतरी शरीरात आला होता. काही जणांचं शरीर त्याला आपणच हाकलून देतं. तो आत्ता आहे का, हे दुसऱ्या तपासणीत कळतं, त्यासाठी आज पुन्हा रक्त घेऊ. असला, तर गोळ्या आहेत. रोज घ्यायच्या, तीन महिने. बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात. इथे फुकट मिळतात.

"हा रक्तातून रक्तात जातो," ती म्हणाली. "कधी रक्त चढवलं होतं का? पूर्वी गावात एकाच सुईने सगळ्यांना इंजेक्शन द्यायचे, तसं काही? कान टोचणं, गोंदण?"

चंदा आपल्या मनगटाकडे बघत राहिली. बावीस वर्षांत तुळस हिरवट झाली होती.

गुणाबाईचा हात चंचीवर आला. तिने मला डबीसकट मुठीत घट्ट धरलं.

"आमची सुई हळदीनं पुसलेली असतं," ती म्हणाली. तिचा आवाज मी ओळखलाच नाही.

"आजी, हळदीने हा मरत नाही. दिसणारसुद्धा नाही एवढं रक्त पुरतं. सुई बदलली आणि रंगाची वाटी तीच ठेवली, तरी पुरतं. गोंदणातूनच आला असं मी म्हणत नाही. ते आता कोणीच सांगू शकणार नाही. पण त्या वेळी बरोबर कोण कोण होतं? त्या सगळ्यांनी एकदा तपासून घेतलं पाहिजे. आणि तुम्हीसुद्धा."

गुणाबाई एसटीत चंदाला एवढंच म्हणाली, "घरातली गोष्ट घरात ठेव."

मित्रांनो, मला तिचा राग आला नाही. जिने आयुष्यभर हलक्या हाताची म्हणून मान घेतला, तिने दारोदार जाऊन काय सांगायचं? माझ्या सुईने तुमच्या अंगात आजार घातला असेल, असं? आणि भिमाच्या घरी काय सांगायचं? आठवडाभर तिने पानही खाल्लं नाही. मी चंचीत नुसती पडून होते आणि माझ्यातलं लोखंड मला जड वाटत होतं.

दुसऱ्या तपासणीत चंदाच्या रक्तात विषाणू सापडला. गोळ्या सुरू झाल्या. आणि त्याच दिवसापासून चंदाने आपलं ताट वेगळं केलं. पडवीत, भिंतीकडे तोंड करून ती एकटी जेवायला बसू लागली. पाण्याचा तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं. कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिची तीच बसली.

चौथ्या दिवशी नम्रताने ते पाहिलं. ती शहापूरच्या कॉलेजात जायची, वैशाखात तिचं लग्न ठरलेलं होतं. "आई, जेवणातून नाय होत तो. मॅडमनं तुला सांगितलं ना? एका ताटात खाल्लं तरी नाय, शिंकलं तरी नाय, जवळ घेतलं तरी नाय. तुझा रेझर नि दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा ठेव. बास."

"असू दे गो," चंदा म्हणाली. "उगाच कोणाला नको माझ्यामुळं."

गुणाबाई चुलीपाशी होती. "माझ्यामुळं" हा शब्द तिने ऐकला. ती उठली, पडवीत गेली आणि सुनेसमोर मांडी घालून बसली. चंदाच्या ताटातली भाकरी तिने मोडली, चंदाच्याच कालवणात बुडवली आणि खाल्ली. चंदा "आत्या, आत्या" करत राहिली. म्हातारी चावत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

"तुझ्यामुळं काय?" घास गिळल्यावर ती म्हणाली. "भात कापायला येतील तवा सांगते मी सगळ्यांना."

दिवाळीच्या सुमाराला भात पिवळं झालं. गुणाबाईच्या शेतावर सुईबहिणी न बोलावता आल्या, कोयते घेऊन. दुपारी बांधावरच्या जांभळाखाली जेवणं सोडली, तेव्हा गुणाबाईने चंचीतून माझी डबी काढली आणि सगळ्यांच्या मध्ये, भाकरीच्या टोपलीशेजारी ठेवली.

"काय गो काकी, आता म्हातारपणी आमच्या टकलावर गोंदतंस काय?" लहानीने विचारलं.

कोणी हसायच्या आत गुणाबाईने सांगून टाकलं. चंदाचं, रक्ताचं, हळदीचं, करवंटीचं. आधी आपला अंगठा टोचायची ते. भिमाचं. आणि सोमवारी सगळ्यांनी शहापूरला जाऊन रक्त तपासून घ्यायचं, तेही. मी इतकी वर्षं तिचा आवाज ऐकला, पण एवढं सरळ बोललेली ती मी कधी ऐकली नव्हती.

लहानी भडकली. "बावीस वरसांनी सांगतंस? भिमा मेली तवा कुठं गेल्ती तुझी अक्कल?"

"नव्हतीच," गुणाबाई म्हणाली. "म्हाईतच नव्हतं. आता म्हाईत झालंय, आता गप बसले तं ते पाप माझं."

"मी नाय यायची. मला काय झालंय? आजून दोन भारे एका खेपेला नेते."

"चंदापन नेते."

लहानीने चंदाकडे पाहिलं. चंदा कोयत्याची मूठ चोळत खाली मान घालून बसली होती, बावीस वर्षांपूर्वी बसली होती तशीच. लहानीने पाण्याचा तांब्या उचलला, तोंड लावून प्यायली आणि तोच तांब्या चंदापुढे धरला.

"पी," ती म्हणाली. "आनि सोमवारची कितीची यष्टी हाय ते सांग."

मित्रांनो, त्या सोमवारी सात सुईबहिणी आणि एक म्हातारी, अशा आठजणी शहापूरला गेल्या. भिमाची जागा गुणाबाईने भरून काढली असं नंतर लहानी म्हणायची. ज्या नात्याने कदाचित आजार पसरला, त्याच नात्याने त्यांना एकत्र दवाखान्यात नेलं. त्या नात्यामुळेच कोणाला शोधायला लागलं नाही.

पाचजणींच्या रक्तात काही सापडलं नाही. लहानीच्या पहिल्या तपासणीत खूण निघाली, पण दुसऱ्यात विषाणू नव्हता. तिच्या शरीराने त्याला कधीच हाकलून दिला होता. "माझ्या तोंडाला घाबरून पळाला आसंल," असं ती सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं म्हणाली. महिपत आणि नम्रता यांनीही तपासून घेतलं, तेही ठीक निघाले. गुणाबाईच्या रक्तात मात्र विषाणू होता आणि तिचं लिव्हर थोडं कडक झालं होतं. तिच्या गोळ्या सुरू झाल्या.

कोणाकडून कोणाकडे गेला? गुणाबाईच्या अंगठ्यातून? भिमाच्या हातातून? की कोण्या जुन्या डॉक्टरच्या काचेच्या इंजेक्शनातून, माझा काही संबंध नसताना? मला खरंच सांगता येत नाही. मी त्या सगळ्यांच्या रक्तातून गेले, एवढंच मला ठाऊक आहे. त्याचं ओझं मला पुरे आहे.

एवढं होऊनही गुणाबाईने मला टाकलं नाही. डबीवर फडकं गुंडाळून ती मला कमरेला बाळगत राहिली. चैत्र लागला, लग्न जवळ आलं, आणि एक दिवस नम्रता आजीजवळ येऊन बसली.

"आजी, माझं गोंदण राहिलं."

"आता कसलं गोंदण?"

"आईला तुझ्या सुईनं काढलं, मलापण तिच्यानंच पायजे. चांगली तासभर उकळू ना आपण."

गुणाबाईने डबी उघडली. कितीतरी महिन्यांनी मी उजेड पाहिला. तिने मला बोटांत धरलं आणि खरं सांगते मित्रांनो, मला वाटलं, एकदा, शेवटचं एकदा हिने मला त्या कोवळ्या हाताला लावावं. सवयीने ती मला आपल्या डाव्या अंगठ्याकडे घेऊन गेली. तिथेच तिचा हात थांबला. तिने अंगठा वळवून पाहिला. चाळीस वर्षांच्या बारीक बारीक टोचण्यांनी तो काळा पडला होता.

तिने मला परत डबीत ठेवलं. मग करवंटीत काजळी खलली, कडुलिंबाची एक काडी चावून मऊ केली आणि नम्रताच्या मनगटावर तिने तुळस काढली. न टोचता. पानं, मंजिऱ्या, खाली वृंदावन, सगळं.

"चार दिसांत जाईल ही," नम्रता म्हणाली.

"जाऊ दे. सणाला माहेराला येशील ना, तवा परत काढू. मी नसले तं तुझी आई काढंल."

आज चंदाची शेवटची तपासणी होती. गुणाबाईची अजून व्हायची आहे. गोळ्या संपून तीन महिने झाले की पुन्हा रक्त बघतात. रुपालीने कागद पुढे केला आणि म्हणाली, "विषाणू नाही. तुम्ही बऱ्या झालात." चंदाने सासूचा काळा अंगठा हातात घेतला आणि धरून ठेवला. गुणाबाईने तो हलकेच सोडवून घेतला, चंची उघडली आणि माझी डबी टेबलावर ठेवली.

"ही कुठं टाकायची?"

रुपालीने पांढरा डबा पुढे केला. "आजी, तुम्हीच टाका."

गुणाबाईने मला डबीतून काढलं, उलटं पालटं करून पाहिलं, लाखेवरून बोट फिरवलं. "जा बाय," ती म्हणाली. "लय केलंस." मग मी पडले.

या डब्यात माझ्यासारख्या पुष्कळ सुया आहेत. कोवळ्या, चकचकीत. सगळ्या आज सकाळच्या. त्यांनी मला विचारलं, तू किती जणांना टोचलंस? मी आकडा सांगितला नाही. त्यांनी आपला सांगितला. एक. प्रत्येकीचा एक. एका माणसाचं काम करायचं आणि डब्यात यायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. मला त्यांचा हेवा वाटला.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना सांगतात की आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. मित्रांनो, सुई जपू नका. इंजेक्शन असो, कान टोचणं असो, जत्रेतलं गोंदण असो, सुईचं नवीन पाकीट आपल्यासमोर फोडलं आहे का, रंगाची वाटी आपल्यापुरतीच आहे का, एवढं विचारा. न्हाव्याला ब्लेड बदलायला सांगायला लाजू नका. आणि तुमच्या घरात कोणाच्या हातावर माझ्यासारखीने काढलेली जुनी तुळस असेल, तर तिचा हात धरा आणि एकदा तिला रक्त तपासायला घेऊन जा. वरून ती कितीही धडधाकट दिसली तरी.

बाहेर एसटी लागल्याचा आवाज येतो आहे. गुणाबाई जिना उतरताना चंदाला म्हणते आहे, "चंची कशी हलकी लागतंय गो."

आणि चंदा म्हणते आहे, "लागू दे, आत्या."